सड्यावरचे पाच दगड

आमच्या वाडीतून दिल्लीला गेलेला मी पहिला नाही. वैशालीची आई माझ्याआधी गेली होती. ती परत आली नाही, म्हणून सांगायला मी उरलो.

मी चौथी शिकलोय. जन्म म्हशींत आणि नाचणीत गेला. लिहायची सवय नाही. पण गावी आल्यापासून जो भेटतो तो तेच विचारतो, दिल्ली कशी आहे, कार्य नीट झालं का, आणि दगडाचं काय कळलं. प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचं म्हणजे मला ते रोज नव्यानं जगावं लागतं. म्हणून एकदाच लिहितो. ज्याला वाचायचं त्यानं वाचावं.

मयूर विहार

लेक वैशाली मयूर विहारला राहते. जावई सतीश दिल्लीतच जन्मला. त्याचे वडील केंद्र सरकारच्या नोकरीला तिकडं गेले ते तिकडचेच झाले. सतीशही सरकारी ऑफिसात आहे. मराठी बोलतो, पण मध्येच अच्छा, चलो करतो. माणूस चांगला आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं मी त्याच्यावर फार ओरडलोय.

चैत्रात वैशाली गावी आली आणि जाताना आईला घेऊन गेली. मी म्हशींसाठी मागं राहिलो. निघताना वैशालीच्या आईनं पिशवीत पाच दगड घातले.

"दिल्लीत दगड मिळत न्हाईत व्हय?" मी म्हणालो.

"मिळत असतील. आपलं न्हाईत मिळत."

पलीकडच्या गावचा सडा, डोंगरावरचा तो सपाट कातळ, बॉक्साईटसाठी खणला, त्यांच्या झऱ्याचं काय झालं, हे आपण सगळ्यांनी बघितलंय. आपल्या सड्यावरही माणसं आली, चहा पिऊन गेली, सह्या मागून गेली. आपल्यातले निम्मे म्हणतात खाली सोनं आहे सोनं. निम्मे म्हणतात नुसता जांभा आहे, फसवायला आलेत. ती म्हणायची, "आधी काय हाय त्ये कळू दे. कळल्याबिगर द्यायचं बी न्हाई आन भांडायचं बी न्हाई." सतीशच्या ओळखीची एक मुलगी नोएडात दगड तपासायच्या लॅबमध्ये आहे, हे तिला लेकीकडून कळलं होतं. मग तिनं सड्यावर फिरून कुऱ्हाडीच्या मागच्या बोथट तुंब्यानं पाच ठिकाणचे तुकडे काढले. साठी उलटलेल्या बाईनं ते ओझं मांडीवर घेऊन दिल्ली गाठली.

पंधरा दिवसही झाले नसतील. वैशाली सकाळी चहा घेऊन गेली, तर ती उठलीच नाही. झोपेतच गेली.

मी विमानानं गेलो. वरून काय दिसलं, मला विचारू नका.

दिल्लीत मे महिना म्हणजे भट्टीच्या तोंडाशी उभं राहणं. यमुनेकाठच्या घाटावर नेलं. आपल्याकडं गाव जमतं, लाकडं पोरंच रचतात. तिथं सगळं रांगेत. आमच्या पुढं एक, मागं दोन. सतीशनं एक मराठी गुरुजी आणले होते. मडकं खांद्यावर आलं तेव्हा ते म्हणाले, "अश्मा उचला." म्हणजे आपला जिवखडा. मी खाली बघितलं. फरशीचे तुकडे, सिमेंटची ढेकळं, चहाचे कागदी कप. असल्या ढेकळात तिचा जीव ठेवायचा? मी सतीशच्या गाडीकडं गेलो. तिच्या दगडांची पिशवी डिकीत तशीच पडली होती. त्यातला एक काढला आणि त्यानंच मडकं फोडलं.

मला ते बरं वाटलं. निदान दगड तरी घरचा.

जिवखडा घरात आणत नाहीत, हे तुम्हाला सांगायला नको. आपण तो बाहेर झाडाला टांगतो. मयूर विहारला तिसऱ्या मजल्यावर झाड कुठलं? खाली आवारात एका अशोकाच्या झाडाला बांधला, तर संध्याकाळी सोसायटीचा सेक्रेटरी वर आला. हात जोडून म्हणाला, अंकल, बच्चे डर रहे हैं. भांडलो नाही. पण दगड तर वर न्यायचा नाही. मग सतीशच्या गाडीच्या डिकीत ठेवला. गाडी घराबाहेर, डिकी गाडीत, शास्त्र सांभाळलं. कफनाच्या चिंधीत गुंडाळलेला होता. पण गाडी वळली की तो गडगडायचा. तो आवाज मला सोसेना. म्हणून मीच त्याला तिच्या पिशवीत, बाकीच्या चौघांत ठेवला. आपल्या माणसांत असू दे, म्हटलं.

रोज सकाळी सतीश ऑफिसला निघायच्या आधी मी खाली जायचो, दगड ताटलीत घ्यायचो, तीळ आणि पाणी घालायचो. येणारे जाणारे बघायचे. बघेनात का.

एक मात्र सांगतो. सुतकात आपल्याकडं भावकी भाकरी आणून देते. तिथं भावकी कुठली? पण समोरच्या दारातली सरदारीण रोज दुपारी डाळ आणि रोट्या आणून ठेवायची. बोलायची नाही, झाकण काढून दाखवायची आणि जायची.

रिकामी डिकी

नवव्या दिवशी मी खाली गेलो तर गाडी नव्हती.

वर आलो. वैशाली म्हणाली, "आबा, त्यांना आज मीटिंग आहे, लवकर गेले. उद्या गंगेवर गढला जायचं म्हणून काल रात्रीच सांगत होते, डिकी रिकामी करून ठेवतो."

"रिकामी म्हंजे?"

"आईचे दगड लॅबमध्ये देऊन टाकतो म्हणाले, जाता जाता. कधीचे पडलेत."

मी हातातली रिकामी ताटली पुढं केली. तिच्या लक्षात यायला एक क्षण लागला.

"पिशवी सगळी?"

"त्यातच हाय ती," मी म्हणालो.

सतीशला फोन लावला. बंद. मीटिंगला फोन बाहेर ठेवायला लावतात. त्याला दोष कसा देऊ? जिवखडा मी पिशवीत ठेवला, हे त्याला कुठं ठाऊक होतं? त्याच्या घरी आजवर कुणी गेलेलं नव्हतं. लॅबच्या मुलीचा नंबर त्याच्याच फोनमध्ये.

"तिथं काय करत्यात दगडाचं?" मी विचारलं.

वैशाली माझ्याकडं बघेना. "पीठ करतात, आबा. मशीनमध्ये."

क्रिया करणाऱ्यानं पायात काही घालायचं नसतं. मी तसाच निघालो, बोडक्या डोक्यानं, अनवाणी. मेट्रोत थंड होतं. लोक माझ्या पायांकडं बघून सरकून बसत होते. वैशाली एक एक स्टेशन मोजत होती आणि दर वेळी फोन लावत होती. मी दाराच्या काचेला कपाळ टेकून उभा होतो. डोक्यात एकच. दहाव्याला दगड नसला तर पिंड कशापुढं ठेवायचा? ती कुठं जाणार?

नोएडा

नोएडात गावं नाहीत, नंबर आहेत. सेक्टर अमुक, ब्लॉक तमुक. रिक्षावाल्यानं दोनदा चुकीच्या गेटावर नेलं. शेवटी लॅब सापडली. पत्र्याची मोठी शेड आणि पुढं काचेचं ऑफिस. अंगणातलं सिमेंट तापलेलं. पाय भाजून मी नाचतच दारापर्यंत गेलो. दारावर गार्ड.

"नंगे पैर अंदर नहीं जा सकते, बाबाजी."

"भैया, बहुत अर्जंट है," वैशाली म्हणाली. "इनकी..."

"बहनजी, समझ रहा हूँ. सिर देखकर समझ गया. पर ऊपर कैमरा है, मेरी नौकरी जाएगी. जूते पहन लो, मैं खुद अंदर ले जाता हूँ."

त्यानं कोपऱ्यातले बूट पुढं सरकवले. पुढं लोखंड बसवलेले, जड. वैशाली म्हणाली, "आबा, तुम्ही थांबा, मी जाते."

"तुला वळकंल कंचा त्यो?"

मला ओळखता येईल अशी माझी खात्री होती. आतून आवाज येत होता, कडाकडा. म्हैस उसाचं कांडं चावते तसा, पण शंभर म्हशी एकदम. नऊ दिवस पाळलेलं मोडलं आणि बूट घातले.

शेडमध्ये लोखंडी जबडा होता. एक माणूस वरून दगड टाकत होता. मी मराठीतच ओरडलो, "थांबवा! थांबवा ते!" माणसाला कळलं नाही, पण पलीकडून एक मुलगी धावत आली आणि तिनं बटण दाबलं. आवाज बंद झाला. माझाच श्वास मला ऐकू यायला लागला.

"काका, काय झालं? तुम्ही मराठी?"

हीच सतीशच्या ओळखीची, ईशा. मूळ साताऱ्याकडची, पण सगळं आयुष्य दिल्लीत. वैशालीनं तिला सांगितलं. सांगता सांगता वैशाली रडली. ईशाचं तोंड उतरलं.

"सतीशजींनी सांगितलं सँपल आहे. आम्ही सकाळीच धुतले, ओव्हनमध्ये सुकवले. कपडा... हां, एकाला कपडा होता." ती कोपऱ्यातल्या डब्यात हात घालून ती चिंधी घेऊन आली. गाठ सुटलेली. "पण कशाला होता, ते कुणी बघितलं नाही. सॉरी, काका."

टेबलावर ताटात चार दगड होते. स्वच्छ, कोरडे, प्रत्येकावर रंगाचा ठिपका. पाचव्याचं पीठ झालेलं. ते एका डबीत होतं आणि डबी अजून कोमट होती.

मी चारही हातात घेतले. उलटे केले. वास घेतला. सगळे तांबूस, सगळ्यांना तशीच बारीक भोकं, सगळे जवळजवळ तेवढ्याच वजनाचे. आठ दिवस मी एकाला पाणी घातलं होतं आणि तो कुठला ते मला सांगता येईना.

"यातला आसंल, न्हाईतर डबीतला आसंल," मी म्हणालो. बूट मला काढावेसे वाटत होते.

ईशानं खुर्ची दिली. वैशालीनं गुरुजींना फोन केला. गुरुजी शांतपणे म्हणाले, "अश्मा हरवला तर शास्त्रात सोय आहे. नवीन घ्यायचा आणि मागचं सगळं पुन्हा द्यायचं. होतं असं."

मी फोन ओढून घेतला. "सोय तुमची हाय. ती कुठं हाय?"

वैशालीनं माझ्या हातातून फोन काढून घेतला.

मग सतीशचा फोन लागला आणि तो निघाला. तो येईपर्यंत बसायचं होतं. मला त्या डबीवरून नजर काढता येत नव्हती. ईशाला विचारलं, "एवढं पीठ करून काय कळतं तुम्हास्नी?"

"त्यात काय राहिलंय ते कळतं, काका."

"ऱ्हायलंय म्हंजे?"

तिनं सांगितलं ते मी माझ्या शब्दांत देतो, कारण तुम्हालाही ते कळलं पाहिजे. आपल्या सड्याखाली काळा पाषाण आहे, जुन्या ज्वालामुखीचा. वर सपाट. त्यावर लाखो वर्षं पाऊस पडला आणि मध्ये कडक ऊन. पाणी दगडात मुरतं आणि जे जे विरघळतं ते घेऊन जातं. चुना जातो, मीठ जातं, वाळूचा अंशही जातो. लोखंड आणि ॲल्युमिनियम हट्टी, ते जात नाहीत. सगळं धुऊन गेल्यावर तेच मागं राहतं. लोखंड जास्त राहिलं तर तो जांभा, आपण घर बांधतो तो. ॲल्युमिनियम जास्त राहिलं तर बॉक्साईट.

"आन सोनं, तांबं?"

"ते उलट." ती कपाटातून एक हिरवट तुकडा घेऊन आली. "हा राजस्थानचा, तांब्याचा. जमिनीच्या खूप खालून गरम पाणी चिरांतून वर येतं, धातू घेऊन येतं, आणि थंड झालं की सोडून जातं. हा धातू पाण्यानं आणलेला. तुमचा पाण्यानं न नेलेला."

मी ताटातला एक दगड हातात धरून बसलो. वैशाली खिडकीतून बाहेर बघत होती.

"मग किंमत कशाची?" मी विचारलं.

"भांडी, तारा, खिडक्या, विमान. सगळ्याला ॲल्युमिनियम लागतं. पण ते काढायला वीज बिल्कुल पाण्यासारखी जाते. म्हणून माल किती जाड थरात आहे, त्यात वाळूचा अंश किती, कारखाना किती लांब, यावर ठरतं. तोच दगड एका ठिकाणी खाण असतो आणि दुसऱ्या ठिकाणी नुसता दगड. परवडला तर माल. आणि काका, या थराच्या खाली बऱ्याचदा चिकणमाती असते. वरचा दगड पाणी पितो, माती धरून ठेवते. तुमच्याकडं सड्याच्या काठाला झरे असतील ना?"

"हायेत," मी म्हणालो. आपली वाडी त्या पाण्यावर आहे, हे तिला सांगितलं नाही. तिला कळलंच असेल.

"कुठला दगड कुठल्या जागेचा, माहीत आहे तुम्हाला?"

"न्हाई. तिनं फिरून काढलं. तिला ठावं."

सतीश आला तेव्हा शर्ट घामानं चिकटलेला. तो आल्या आल्या माझ्या पायाशी वाकला. मी पाय मागं घेतले. लोखंडाचे बूट होते, म्हणून. त्याला वाटलं रागानं.

"आबा, मला खरंच माहीत नव्हतं."

"माहीत नसलं की इच्यारायचं. सासूची पिशवी हाय, भंगार न्हवं!"

शेड ऐकत होती. सगळे दगड आणि डबी मी चिंधीत बांधायला लागलो. ईशा हळूच म्हणाली, "काका, तुम्ही सगळं घेऊन जा. फक्त डबीतलं एक चमचा ठेवलं तर टेस्ट होईल. तेवढंच पुरतं."

सतीशही म्हणाला, "एक चमचा, आबा. आई त्यासाठीच तर..."

"आन ती त्या चमच्यात आसली तर? निम्मी गंगेत आन निम्मी तुमच्या डबड्यात?"

मी बूट काढून गार्डला दिले आणि गाठोडं घेऊन बाहेर आलो. गाडीत डिकीत ठेवलं नाही. मांडीवर घेतलं.

गढ

गंगेसाठी दिल्लीचे लोक गढला जातात. पहाटे निघालो. उजाडलं तेव्हा दोन्ही बाजूंना ऊस दिसला. आपला वाटावा असा, पण जमीन एकसारखी सपाट, कुठं उंचवटा म्हणून नाही. यमुनेचं पाणी मी बघितलं होतं, वर फेस होता. गढची गंगा गढूळ, पण वाहती. म्हणून मी गढ धरलं.

घाटावर गर्दी. आपल्याकडं नदीवर एका वेळी एकाचंच कार्य असतं आणि सगळं गाव गप्प बसलेलं असतं. तिथं शेजारी दुसऱ्याचं मुंडन, पलीकडं भजी तळतायत, नाववाले हाका मारतायत. गुरुजींनी जागा धरली आणि मी गाठोडं सोडलं. चार दगड, एक डबी.

गुरुजी बघत राहिले. "सगळे?"

"सगळे."

"एका जीवाला पाच अश्मे, हे मी कधी..."

"करा जरा जास्त पाणी. मोजून घालणार हाईसा काय?"

ते हसले नाहीत, चिडलेही नाहीत. त्यांनी पाचांना ओळीत मांडलं आणि पाचांवर माझ्याकडून तीळ-पाणी घातलं. डबीचं झाकण उघडं ठेवलं. पिंड मांडले. आम्ही मागं सरकलो.

कावळे होते. पलीकडं तारेवर पाच-सहा बसले होते. खाली बघायचे आणि तसेच बसायचे.

वैशाली हात जोडून म्हणाली, "आई, आबांना मी बघेन. एकटं ठेवणार नाही." कावळे जागचे हलले नाहीत. सतीश म्हणाला, "दरवर्षी गावी येऊ." काही नाही. मी म्हशींचं सांगितलं, घराचं सांगितलं. उन्हानं डोकं चटकायला लागलं. पुढची मंडळी जागेसाठी खोळंबली होती. गुरुजींनी दर्भाच्या काड्या घेतल्या आणि कावळा करायला बसले.

"थांबा वाईच," मी म्हणालो.

वैशाली माझ्याकडं बघत होती. त्या चमच्याबद्दल तिनं एकदाही काही म्हटलं नव्हतं, लॅबमध्येही नाही. आता म्हणाली, "आबा, तिला फक्त कळून घ्यायचं होतं हो. दुसरं काही मागितलं का तिनं कधी?"

खरंच नाही मागितलं. मी खाली बसलो. पिंडाच्या भाताला आणलेला चमचा होता, तो पुसला. डबीतलं चमचाभर पीठ काढलं आणि एका पानात बांधून सतीशच्या हातात दिलं.

"ईशाला दे. आन वाट्टेल त्ये निघालं तरी मला खरं सांग."

"आबा, पण तुम्ही म्हणाला ती..."

"तेवढी ऱ्हायली तर ऱ्हाऊ दे दिल्लीत. लेकीजवळ."

सतीशनं पान दोन्ही हातांत धरलं. मी तारेकडं बघितलं. आता येतील असं मला वाटलं होतं, हे कबूल करतो. नाही आले. वाडीत मला सगळे विचारतात, कावळा शिवला का? नाही शिवला. गुरुजींनी दर्भाचा शिववला. तिला कुणी घाई केलेली कधी चालली नाही.

नावेतून मधल्या धारेला गेलो. अस्थी सोडल्या, मग दगड एक एक करून, मग पीठ. दगड लगेच बुडाले. पीठ पाण्यावर तांबडं पसरलं, नावेच्या कडेनं लांबपर्यंत गेलं आणि मग दिसेनासं झालं. वैशाली आईला हाक मारत होती. मी मारली नाही. मला तिचं नाव घेऊन हाक मारायची सवय नव्हती.

वाडी

मी गावी आल्यावर सतीशचा फोन आला. पीठ तपासलं. माल आहे, चांगला आहे, वाळूचा अंश कमी. ईशानं सांगायला सांगितलं, एका दगडावरून सड्याचं काही ठरत नाही, थर किती जाड ते खणून बघावं लागतं.

आता तुम्हाला खरं काय ते सांगितलं. पाच जागांपैकी एका जागी बॉक्साईट आहे. फसवत नव्हते ते. म्हणजे ती माणसं पुन्हा येणार, आणि या वेळी जास्त गोड बोलणार. कुणाकुणाला आत्तापासूनच घाई झालीय. परवा दोघं माझ्या ओट्यावर बसून विचारत होते, मामा, मामींनी कुठून कुठून दगड काढले, काही आठवतंय का?

कुठली जागा ते तिला ठाऊक होतं. मला नाही. मी काल सड्यावर जाऊन आलो. कुऱ्हाडीनं फोडलेल्या ताज्या खुणा शोधत कडेकडेनं फिरलो. तीन सापडल्या. तिथं मी वाकून माती लोटली आणि वर गवत ओढून ठेवलं. उरलेल्या दोन मी अजून शोधतोय. मला आधी सापडल्या पाहिजेत.